डायनमोच्या जागीं आल्टर्नेटर : पुली कोणती निवडावी?

गोठ्याशेजारच्या छपराखालीं वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या हातची जुनी मोटार उभी आहे, सणासुदीला व लग्नकार्याला ती बाहेर निघते, आणि घरांतील कोणी तरी हौसेनें तिची निगा राखतो, अशीं घरें खेडोपाडीं अद्याप आढळतात. कोठें ॲम्बॅसडर असते, कोठें कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली प्रीमियर पद्मिनी असते, तर कोठें जीप असते. पद्मिनी निघावयाची केव्हांच बंद झाली, ॲम्बॅसडर २०१४ सालीं बंद झाली. तथापि या गाड्यांची घडण साधी असल्यामुळें गांवच्या मिस्त्रीच्या हातून त्या आजही नीट चालतात. त्यांतील ज्या फार जुन्या आहेत त्यांस वीज उत्पन्न करण्याकरितां डायनमो बसविलेला असतो. तो थकला म्हणजे त्याच्या जागीं आल्टर्नेटर बसवावा असा सल्ला मिस्त्री देतो, आणि तो सल्ला बहुधा योग्यच असतो.

परंतु हा बदल करितांना गिऱ्हाइकाचें सारें लक्ष आल्टर्नेटर किती अँपियरचा आहे व त्याची किंमत काय या दोनच गोष्टींकडे असतें. त्याच्या तोंडावर जी लहानशी लोखंडी पुली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. जुनी बसली तर जुनी, नाहीं तर नवी जी आली ती, अशा रीतीनें ती निवडली जाते. या दुर्लक्षाचे परिणाम तीन प्रकारचे होतात. गाडी दिवसा ठीक चालते व रात्रीं दिवे मंद होऊन बॅटरी उतरते. किंवा आल्टर्नेटर वेगानें फिरून वर्षा-दोन वर्षांत निकामी होतो. किंवा पट्टा घसरून इंजिन तापतें. यांतला तिसरा परिणाम सर्वांत महाग आहे. कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत जो पट्टा डायनमो फिरवितो तोच पाण्याचा पंप व पंखाही फिरवितो. त्या पट्ट्यानें दगा दिला तर पाणी उकळतें, हेडचें गॅसकेट जळतें, प्रसंगीं हेडही वांकतो, आणि चारशें रुपयांच्या पुलीपायीं इंजिन उघडण्याची पाळी येते. म्हणून या एका लहान वस्तूविषयीं आम्ही येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहों.

पुलीचें गणित आपणांस नवें नाहीं

ज्यांनीं विहिरीवर तेलाचें इंजिन चालविलें आहे त्यांस हें गणित शिकवावयास नको. लिस्टर नमुन्याचें संथ इंजिन मिनिटास ६५० फेरे करितें. त्यावर जोडलेल्या पंपास चौदाशें-साडेचौदाशें फेरे लागतात. म्हणून इंजिनावर मोठी पुली व पंपावर लहान पुली घालून आपण फेरे वाढवितों. इंजिनाच्या पुलीचा व्यास पंपाच्या पुलीच्या सव्वादोनपट असला तर पंपाचे फेरेही सव्वादोनपट होतात. मोटारींतही तेंच आहे. इंजिनाच्या पुलीच्या व्यासास आल्टर्नेटरच्या पुलीच्या व्यासानें भागावें. जो भागाकार येईल तें प्रमाण. त्या प्रमाणानें इंजिनाच्या फेऱ्यांस गुणिलें म्हणजे आल्टर्नेटरचे फेरे निघतात.

फरक इतकाच कीं, विहिरीवरचें इंजिन एकाच वेगानें चालतें. मोटारीचें इंजिन मात्र उभ्या गाडींत मिनिटास सातशें फेरे करितें आणि हमरस्त्यावर चार-पांच हजार. म्हणजे एकाच पुलीनें खालच्या वेगासही पुरें पडावयाचें व वरच्या वेगासही सांभाळावयाचें. निवडीची अडचण येथेंच आहे.

डायनमोला मोठी पुली कां असते

डायनमोंत वीज उत्पन्न होते ती मधल्या फिरत्या भागांत. ती बाहेर आणण्यासाठीं तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर व त्यावर घासणारे कार्बन असतात, आणि सगळा प्रवाह त्या कार्बनांतून जातो. फिरता भाग जड, त्यावरील तारेचीं वेटोळीं जाड, आणि कम्युटेटर अनेक तुकडे जुळवून केलेला; असा भाग अति वेगानें फिरविला तर वेटोळीं बाहेर फेंकलीं जातात व कार्बन ठिणग्या टाकूं लागतात. यास्तव डायनमोची पुली मुद्दाम मोठी ठेवीत, म्हणजे इंजिन कितीही धांवलें तरी डायनमो बेताबेतानेंच फिरावा.

त्याची किंमत खालच्या वेगास द्यावी लागे. इंग्लंडांतील लूकस कंपनीचा सी-४० हा डायनमो पुष्कळ गाड्यांवर व ट्रॅक्टरांवर असे. त्याच्या सर्वसाधारण नमुन्याचा पूर्ण प्रवाह २२ अँपियर. परंतु मिनिटास सुमारें दीड हजार फेरे झाल्याशिवाय तो बॅटरीस कांहींच देत नाहीं, आणि पूर्ण प्रवाहास सव्वादोन हजारांच्या आसपास फेरे लागतात. उभ्या गाडींत त्याचे फेरे हजार-अकराशेंच होतात. म्हणजे गाडी थांबली कीं जमा बंद आणि खर्च चालू.

तो खर्च किती हें एकदां मांडून पाहावें. बारा व्होल्टच्या गाडींत साठ वॅटचे दोन पुढचे दिवे १० अँपियर घेतात. मागचे व बाजूचे लहान दिवे दोन-अडीच. इंजिनाची ठिणगी तीन ते चार. पावसांत कांच पुसणारा वायपर तीन ते चार. ब्रेक दाबला कीं मागचे लाल दिवे साडेतीन. बेरीज वीस-बावीसच्या घरांत जाते. गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रात्रीं तासभर रांगत यावें लागलें, तर हा सारा खर्च बॅटरीच्या शिलकेंतून होतो. त्यावर कोणी विजेचा पंखा बसविला असेल तर आणखी आठ-दहा अँपियर.

आल्टर्नेटर निराळा कसा

आल्टर्नेटरमध्यें व्यवस्था उलट आहे. वीज उत्पन्न करणारीं जाड वेटोळीं बाहेरच्या स्थिर भागांत असतात. फिरत्या भागांत चुंबक करण्यापुरतें एकच वेटोळें असतें. कार्बनांतून जो प्रवाह जातो तो फक्त या चुंबकाचा, म्हणजे तीन-चार अँपियरच. आणि ते घासतात ते अखंड गुळगुळीत कड्यांवर, तुकड्यांच्या कम्युटेटरवर नव्हे. उत्पन्न होणारा प्रवाह दिशा पालटणारा असतो. तो सिलिकनच्या डायोडांनीं एकमार्गी केला जातो. हे डायोड स्वस्त व टिकाऊ झाले तेव्हांच मोटारींत आल्टर्नेटर येऊं शकला. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीवर तो सर्रास बसविण्यास आरंभ केला. इंग्लंडांतील एमजीबी या गाडीवर तो १९६७ च्या अखेरीस आला. आपल्याकडे डायनमो व आल्टर्नेटर करणारी लूकस-टीव्हीएस ही कंपनी १९६१ सालीं मद्रासेस स्थापन झाली.

या घडणीमुळें आल्टर्नेटर डायनमोपेक्षां पुष्कळ अधिक वेग सोसतो. लूकसच्या १७ एसीआर या जुन्या परिचित नमुन्याचा पूर्ण प्रवाह ३६ अँपियर असून तो मिनिटास ६,००० फेऱ्यांस मिळतो, आणि त्याच्या फिरत्या भागाची वेगमर्यादा १५,००० आहे. इतर नमुन्यांचे आंकडे थोडे निराळे असतात, पण साधारण रीत अशी कीं हजार-बाराशें फेऱ्यांच्या पुढें आल्टर्नेटर जागा होतो, दीड हजारांस उपयोगी प्रवाह देऊं लागतो, दोन हजारांपुढें झपाट्यानें चढतो, आणि सहा हजारांनंतर फारसा वाढत नाहीं.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येईल. आल्टर्नेटरला डायनमोपेक्षां जास्त फेरे सोसतात इतकेंच नव्हे, तर पूर्ण काम देण्यास ते त्याला लागतातही. डायनमोची जुनी मोठी पुली काढून तीच आल्टर्नेटरवर चढविली तर नव्या यंत्राचा अर्धा लाभ पुलींतच बुडतो.

तीन पुल्यांचा हिशेब

समजा, इंजिनाच्या पुलीचा व्यास १३० मिलिमीटर आहे. गाडी उभी असतां इंजिनाचे फेरे ७००, रस्त्यावर ३,०००, आणि कमाल ५,०००. आल्टर्नेटरवर तीन निरनिराळ्या पुल्या घालून काय होतें तें पाहूं.

८५ मिलिमीटरची पुली (डायनमोची जुनी) : प्रमाण सुमारें १.५३. उभ्या गाडींत १,०७०, रस्त्यावर ४,५९०, कमाल ७,६५०.

६५ मिलिमीटरची पुली : प्रमाण २. उभ्या गाडींत १,४००, रस्त्यावर ६,०००, कमाल १०,०००.

५० मिलिमीटरची पुली : प्रमाण २.६. उभ्या गाडींत १,८२०, रस्त्यावर ७,८००, कमाल १३,०००.

पहिल्या पुलीनें उभ्या गाडींत आल्टर्नेटर जेमतेम जागा होतो. इशाऱ्याचा तांबडा दिवा मिणमिणत राहतो. दुसऱ्या पुलीनें उभ्या गाडींतही कांहीं प्रवाह मिळतो, आणि रस्त्यावर नेहमींच्या वेगास पूर्ण प्रवाह मिळतो. कमाल वेगास १५,००० ची मर्यादा पुष्कळ दूर राहते. तिसरी पुली आंकड्यांत सर्वांत चांगली दिसते. १३,००० हा आंकडाही मर्यादेच्या आंतच आहे. तरी आम्ही ती घेऊं नये असेंच म्हणतों. त्याचीं कारणें पुढें देतों.

सर्वसाधारण गाडीस प्रमाण २ ते सव्वादोन या दरम्यान असावें, हें या हिशेबाचें सार. वरच्या उदाहरणांत तें ६५ ते ५८ मिलिमीटरच्या पुलीनें साधतें. मात्र ज्या गाडीचें इंजिन साडेसहा हजार फेऱ्यांपर्यंत धांवतें, त्या गाडीस अलीकडच्या टोंकासच थांबावें. उतारावर खालच्या गिअरमध्यें इंजिन नेमल्या कमाल वेगाच्याही थोडें पुढें जातें. म्हणून कमाल फेऱ्यांत दहावा हिस्सा मिळवून मग हिशेब करावा. साडेसहा हजारांत दहावा हिस्सा मिळविला कीं ७,१५० होतात; त्यांस २ नें गुणिलें तर १४,३००, म्हणजे मर्यादेच्या आंत; २.६ नें गुणिलें तर साडेअठरा हजारांच्या पुढें. फिरत्या भागास बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. दहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेलें तर जोर दीडपट न होतां सव्वादोनपट होतो. मर्यादा ओलांडणें धोक्याचें कां तें यावरून कळेल.

फार लहान पुलीचा दोष

पट्टा पुलीस साधारण अर्धा वेढा घालतो. ८५ च्या पुलीवर पट्ट्याची सुमारें १३३ मिलिमीटर लांबी टेकते, ६५ च्या पुलीवर १०२, आणि ५० च्या पुलीवर केवळ ७९. ओढ मात्र तितकीच असते, कारण पट्ट्याचा वेग ठरतो तो इंजिनाच्या पुलीवरून, आल्टर्नेटरच्या नव्हे. तेवढीच ओढ थोड्या लांबीवर आली कीं पट्टा घसरतो, तापतो व त्याच्या कडा झिजून चकचकीत होतात. शिवाय लहान पुलीवरून जातांना पट्टा प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकतो, आणि वांकण्यानें आंतून तापून भेगाळतो. तेरा मिलिमीटर रुंदीच्या, ज्यास ए नंबरचा पट्टा म्हणतात, त्यास कारखान्यांतील यंत्रांवर ७५ मिलिमीटरपेक्षां लहान पुली देऊं नये असा नियम आहे. मोटारीचा पट्टा अधिक लवचीक असल्यानें व आंतून खांचा पाडलेला मिळत असल्यानें तो साठ-पासष्टपर्यंत चालतो. त्याच्या खालीं त्याचा छळच होतो.

यासंबंधानें आणखी एक गोष्ट. ३६ अँपियरचा आल्टर्नेटर पूर्ण चालला तर चौदा व्होल्टांस सुमारें ५०० वॅट वीज देतो. कांहीं शक्ति उष्णतेंत जाते, म्हणून इंजिनापासून त्यास ९०० वॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीच्या आसपास, घ्यावी लागते. एका साध्या पट्ट्यास ती पेलते. परंतु मिळतो म्हणून नव्या गाडीचा नव्वद अँपियरचा आल्टर्नेटर बसविला तर पूर्ण भारास त्याला तीन अश्वशक्ति लागते. इंजिन संथ चालत असतां पट्टाही संथ चालतो, आणि संथ पट्ट्यावर तेवढ्याच शक्तीकरितां ओढ अधिक पडते. अशा वेळीं पट्टा किंचाळतो. वर मांडलेला खर्च वीस-बावीस अँपियरचा आहे. विजेचा पंखा धरून बत्तीस. अशा गाडीस ३६ ते ४५ अँपियरचा आल्टर्नेटर पुरेसा आहे. अधिक मोठा घेऊन पट्ट्यास व पाण्याच्या पंपास संकटांत घालण्यांत लाभ नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मग आल्टर्नेटरची पुली तशीच ठेवून इंजिनाचीच पुली मोठी करावी. तसें करूं नये. त्यानें पाण्याचा पंप व पंखा यांचाही वेग वाढतो, आणि ते त्या वेगासाठीं घडविलेले नसतात. बदल करावयाचा तो आल्टर्नेटरच्या पुलींतच करावा.

खांच व पट्टा यांचें जुळणें

व्यास ठरला कीं खांच पाहावी. हा पट्टा सपाट पट्ट्यासारखा तळावर टेकून ओढीत नाहीं. पाचरीसारखा दोन्ही बाजूंच्या भिंतींत रुततो. त्या पाचरीच्या योगानें सपाट पट्ट्याच्या सुमारें तिप्पट पकड मिळते. पट्टा खांचेच्या तळास लागला कीं पाचर राहत नाहीं, आणि ही सारी पकड जाते.

जुन्या गाड्यांचा पट्टा रुंद असतो. अलीकडच्या आल्टर्नेटरवर बहुधा दहा मिलिमीटरच्या पट्ट्याची अरुंद खांच असते, नाहीं तर अनेक बारीक नाळ्यांची सपाट पुली असते. अरुंद खांचेंत रुंद पट्टा घातला तर तो वर उघडा राहतो व केवळ खालच्या कडेवर धरतो. रुंद खांचेंत अरुंद पट्टा घातला तर तो तळास बसतो. आमच्या पाहण्यांतील एका गाडीची हीच गत झाली होती. पट्टा ताणून घट्ट होता, बाहेरून दोष दिसत नव्हता, पण पुलीचा तळ आरशासारखा चकाकत होता. घाट चढतांना पाणी उकळलें तेव्हां रेडिएटर साफ करविला, थर्मोस्टॅट बदलला. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें खांचेंत बोट घातलें आणि दोष सांपडला. खांचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तेथें टेकतो असें निश्चित समजावें. तळ मळका व बाजू स्वच्छ असाव्या.

पट्ट्याची वरची बाजू पुलीच्या कांठाशीं समपातळींत किंवा केंसभर वर असावी. इंजिन, पाण्याचा पंप व आल्टर्नेटर या तिन्ही पुल्यांवर तो सारखाच बसावा. लेथवर नवी पुली करून घ्यावयाची असेल तर खांचेचा कोन सांगण्यास विसरूं नये. पट्ट्याच्या दोन बाजूंतील कोन सुमारें ४० अंशांचा असतो. पुलीची खांच त्याहून थोडी निरुंद, ३४ ते ३८ अंशांची ठेवितात. पुली जितकी लहान तितका कोन ३४ कडे घ्यावा, कारण पट्टा वांकला म्हणजे त्याची आंतली बाजू फुगते व कोन आपोआप कमी होतो.

दांडा, पंखा व सरळ रेषा

आल्टर्नेटरचा दांडा बहुधा १५ किंवा १७ मिलिमीटरचा असतो. पुलीचें भोंक त्याच मापाचें असावें. १७ चें भोंक १५ च्या दांड्यावर पत्र्याची पट्टी घालून बसविण्याची जी युक्ति कांहीं ठिकाणीं करितात ती सर्वथा वर्ज्य आहे. इतक्या वेगांत केंसभर वांकडी पुलीही धक्के देते आणि बेअरिंग खाते. दांड्यास अर्धचंद्राकृति चावीची खांच असेल तर पुलींतही ती असावी.

डायनमोच्या पुलीस पंख्याचीं पातीं बहुधा जोडलेलींच असतात. आल्टर्नेटरचा पंखा पुलीच्या मागें निराळा असतो. पुली बदलतांना तो काढून टाकूं नये. त्याच्या वाऱ्यानेंच डायोड थंड राहतात. वांकड्या पात्यांचा पंखा एकाच दिशेनें नीट वारा ओढतो. आल्टर्नेटर कोणत्याही दिशेनें फिरविला तरी वीज देतो. पंखा मात्र उलटा फिरला तर यंत्र तापून जळतें. म्हणून इंजिनाच्या फिरण्याची दिशा पाहून पंखा घ्यावा. पुली पंख्यास घासत असेल तर मधें योग्य जाडीचा वॉशर घालावा.

नंतर सरळ रेषा पाहावी. सरळ लोखंडी पट्टी किंवा ताणलेली दोरी इंजिनाच्या व आल्टर्नेटरच्या पुल्यांवर धरून दोन्ही खांचा एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें तपासावें. एक-दोन मिलिमीटरपेक्षां अधिक फरक राहूं देऊं नये. फरक असेल तर बैठकीखालीं वॉशर घालून तो काढावा. पुली दांड्यावर पुढें ओढून काढूं नये, कारण मग नट पुरता बसत नाहीं.

पट्ट्याची लांबी व ताण

पुली लहान केली कीं जुना पट्टा लांब पडतो. ८५ ची पुली काढून ६५ ची घातल्यास सुमारें ३० मिलिमीटर पट्टा उरतो. सरकत्या पट्टीच्या खांचेंत तो कधीं सामावतो, कधीं सामावत नाहीं. तेव्हां आल्टर्नेटर खांचेच्या मध्यावर ठेवून सर्व पुल्यांभोंवतीं दोरी फिरवून माप घ्यावें, व त्या मापाचा नवा पट्टा आणावा. नव्या पुलीवर जुना झिजलेला पट्टा घालणें म्हणजे नव्या जोखडाला जुनी जोती बांधणें होय.

ताणाचें माप सोपें आहे. सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्यानें दाबिलें असतां पट्टा सुमारें १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, खालीं जावा. त्याहून सैल तर घसरतो. त्याहून ताठ तर पाण्याच्या पंपाचें व आल्टर्नेटरचें बेअरिंग जातें. नवा पट्टा पहिल्या कांहीं दिवसांत थोडा ढिला होतो. तेव्हां शंभर-दोनशें किलोमीटरनंतर पुन्हां एकदां ताण पाहावा.

प्रमाण मोजण्याची खात्रीची रीत

पुलीचा बाहेरचा व्यास मोजून काढलेलें प्रमाण थोडें चुकतें, कारण पट्ट्याची ओढ धरणारी दोरी खांचेच्या आंत, कांठाच्या थोडी खालीं असते. आणि लहान पुलीवर हा फरक अधिक भासतो. त्यापेक्षां ही रीत बरी. चावी काढून व स्पार्क प्लग सोडवून दोन्ही पुल्यांवर खडूनें खूण करावी. इंजिन हातानें बरोबर दहा फेरे फिरवावें आणि तेवढ्यांत आल्टर्नेटरची खूण किती वेळां वर आली तें दुसऱ्या माणसानें मोजावें. एकवीस वेळां आली तर प्रमाण २.१. यांत कोणाच्या सांगण्यावर विसंबावें लागत नाहीं.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी

जुन्या ट्रॅक्टरांवरही डायनमोच असे, आणि तेथेंही हा बदल पुष्कळ जण करितात. परंतु ट्रॅक्टरचें इंजिन कमाल दोन-सव्वादोन हजार फेरेच करितें. तेथें आल्टर्नेटर अति वेगानें फुटण्याची भीति नाहीं; भीति आहे ती कमी फिरण्याची. इंजिनाची पुली १४० मिलिमीटर व डायनमोची जुनी ८५ ची पुली असेल, तर सातशें फेऱ्यांस आल्टर्नेटर सुमारें १,१५० फिरतो व दोन हजारांस ३,३०० ही गांठीत नाहीं. ६५ ची पुली घातली तर तेच आंकडे सुमारें १,५०० व ४,३०० होतात. एवढ्यावर पूर्ण नसला तरी बहुतेक प्रवाह मिळतो, आणि रात्रीं नांगरतांना दिवे स्थिर राहतात. सहा हजार गांठण्याच्या हट्टानें पंचेचाळीसची पुली मात्र करूं नये. धूळ व धक्के यांत तिच्यावरचा पट्टा टिकणार नाहीं.

पुलीबरोबर विसरूं नये अशा गोष्टी

जुन्या इंग्लिश बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. आल्टर्नेटर बहुधा ऋण टोंक सांगाड्यास असावें अशा बेतानें केलेला असतो. जोडणी उलटी राहिली तर डायोड तत्क्षणीं जळतात. म्हणून प्रथम बॅटरीची जोडणी फिरवून घ्यावी. आल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंतची तार नव्या प्रवाहास पुरेल इतकी जाड असावी. समोरच्या फळीवरील जुना अँमीटर तीस अँपियरचा असेल तर ३६ चा प्रवाह त्यांतून नेऊं नये. इशाऱ्याचा तांबडा दिवा शोभेचा नाहीं. पुष्कळ आल्टर्नेटरांस प्रथम जागें करणारा प्रवाह त्यांतूनच जातो, यास्तव तो जळालेला असूं नये. आणि इंजिन चालू असतां बॅटरीची तार कधींही काढूं नये. डायनमोच्या काळीं चालणारी ती संवय आल्टर्नेटरच्या डायोडांस मारक आहे.

खरेदीपूर्वीं

दुकानांत जाण्यापूर्वीं एका कागदावर इतकें लिहून न्यावें : इंजिनाच्या पुलीचा व्यास, इंजिनाचे उभ्या गाडींतील व कमाल फेरे, पट्ट्याची रुंदी, आल्टर्नेटरच्या दांड्याचें माप व फिरण्याची दिशा, आणि आपल्या दिव्यांचा व इतर उपकरणांचा एकूण अँपियरचा खर्च. या सहा आंकड्यांवरून पुली कोणती हें दुकानदारापूर्वीं आपणांसच कळेल. काम झाल्यावर संध्याकाळीं गाडी अंगणांत उभी करून सर्व दिवे लावावे, इंजिन संथ चालूं द्यावें आणि बॅटरीच्या टोंकांवर व्होल्टमीटर धरावा. तेरा व्होल्टांच्या वर कांटा राहिला तर उभ्या गाडीचा खर्च निघतो असें समजावें. बाराच्या आसपास घुटमळला तर इंजिनाचे फेरे पन्नास-शंभरांनीं वाढवून पुन्हां पाहावें. तरीही तो चढत नसेल तर तारांच्या जोडण्या व पट्ट्याचा ताण तपासावा. ते ठीक असून प्रमाण २ च्या खालीं निघत असेल, तर पुली एक माप लहान करण्यास हरकत नाहीं. पट्टा त्या वेळींही किंचाळूं नये आणि दहा मिनिटांनीं इंजिन बंद करून पुलीजवळ हात नेला असतां चटका बसूं नये. या दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे गाडी रात्रीच्या प्रवासास खुशाल बाहेर काढावी.